दर्भाचा पुतळा

"रंजना, खारं पाणी माणसाला असं ठेवत नाही," मी सुनेला म्हणालो. मालिकेतला नायक समुद्रात बुडून वर्षानं दारात उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"झालं! आता लिहा वाहिनीला पत्र." साठीनंतर अक्षरं शिकल्यापासून मालिकांतल्या चुका मी कळवतोच.

आमचा मोरेश्वर, रंजनाचा नवरा, तोही वर्षापूर्वी होडीसकट बुडाला. देह मिळाला नाही, म्हणून उद्या त्याचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा होता.

मालिका संपली तरी रंजना उठली नाही. "पुतळा जाळू नका, बाबा. त्या नायकाच्या बायकोनं जाळला असता, तर तो परत आला असता का?"

"अगं, ते खोटं लिहिलेलं असतं."

"असू दे."

भटजींना मी येऊ नका म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, मालिकेच्या वेळेला, टीव्ही मीच लावला.