गेलेले तीन गुण

खटावकर सरांनी मंजिरीच्या कपाळावरची यंत्राची पट्टी सोडवली आणि पडद्याकडे पाहिलं. सत्त्याण्णव! नोकरीसाठी तयार असल्याचा दाखला मिळायला नव्वद पुरत होते.

पहिल्या वर्षी याच खुर्चीत तिला एक्केचाळीस पडले होते. यंत्र कानात हुकूम सोडायचं, "रविवारीही कामावर यायचं," आणि त्यावर मनात जे जे हलेल, त्याचे गुण कापायचं. तेव्हा पडद्यावर व्हॉलीबॉलचं मैदान उमटलं होतं, बाजाची पेटी उमटली होती, शिवाय एक ठसठशीत "का म्हणून?" सरांनी तीन वर्षं मागे लागून तिला एकेक गोष्ट सोडायला लावली. पोरगी गुणी, सांगितलं ते सगळं ऐकत गेली.

"शाबास! आपल्या कॉलेजात इतके कुणालाच पडले नाहीत."

मंजिरी हसली नाही. "सर, तीन कशाचे गेले?"

सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर तिची आई होती, दारात उभी राहून तिला हाक मारणारी.

"हेही जाईल ना, सर? सोमवारी मुलाखत आहे."

सरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसली होती. लोणंदहून पहिल्या एसटीने आली होती, लेकीला स्वतःच्या हाताने पेढा भरवायला.

"जाईल," सर म्हणाले. "आज मागच्या दाराने जा."