कपिलचा नंबर

कपिल मस्कतला कामावर असतानाच वारला. सामानातून आलेला त्याचा फोन तिकडच्याच मोबाइल कंपनीला लॉक होता, इथलं सिमकार्ड घेत नव्हता. वर्षानं त्याची आई, जानकाबाई, तो फोन घेऊन आळेफाट्याला सूरजच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आली.

सूरजनं लॉक काढलं. तिनं दर महिन्याला रिचार्ज मारून चालू ठेवलेलं कपिलचं इथलं कार्ड आत घातलं. रेंज आली.

"मावशी, तुमच्या फोनवरनं लावा बरं. चालतोय का बघू."

जानकाबाईनं आपल्या बटनाच्या फोनवरून नंबर लावला. सूरजच्या हातातला फोन वाजला. त्यानं उचलला आणि "हॅलो" म्हणाला.

 

जानकाबाईनं तोंड रस्त्याकडं वळवलं, फोन कानाला तसाच.

"किती दिसांनी उचललास रं."