रिकामी खुर्ची

माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अबूना, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी येऊन प्रार्थना म्हणतात, पाणी शिंपडतात आणि आत्मा घराचा कायमचा निरोप घेतो, याबद्दल नाईलकाठच्या त्या ख्रिस्ती गावात कुणाला शंका नव्हती. वनीस गेल्यावरही ते सगळं झालं; तरी चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या खुर्चीत त्याचं बायबल उघडं होतं.

त्याच्या बायकोने, दिमयानाने, तो गेल्यापासून देवाशी बोलणं टाकलं होतं. तरी तिने पान वाचलं. विधवांचा कैवार घेणारा देव. पाचव्या दिवशी पान होतं रडणाऱ्यांच्या सांत्वनाचं. आठव्या दिवशी ती हात पसरून प्रार्थनेला उभी राहिली आणि मग तडक चर्चमध्ये गेली.

“अबूना, तुमची प्रार्थना लागू पडली नाही. वनीस घरातच आहे. रोज मला वचनं काढून देतो.”

“वनीस? उपदेश सुरू झाला की घोरायचा तो!”

नवव्या दिवशी ती उजाडायच्या आधी उठली. खुर्चीवर सासू वाकली होती.

“तुम्ही होय, आई? रोज नेमकं वचन कसं शोधता?”

“कसलं वचन गं? मला कुठं वाचता येतं! रिकामी खुर्ची बघवत नाही. पुस्तक उघडून ठेवलं की जरा भरल्यासारखी दिसते.”

सासू पीठ मळायला गेली. दिमयानाने खाली बसून ते पान वाचायला घेतलं. आज येशूची वंशावळ निघाली होती. बेचाळीस पिढ्या होत्या. तिने सगळ्या वाचल्या.