जोडणारी की

मुलांच्या तक्त्यात एकशे चार नोंदी होत्या, मुलींच्या तक्त्यात ब्याऐंशी. अकोल्यातल्या २००७ च्या वधू-वर मेळाव्यासाठी मायाने हे दोन्ही तक्ते कॉम्प्युटरवर चढवले होते. एकाच नावाची तीन-तीन माणसं निघत, म्हणून प्रत्येकाला त्याचा एकट्याचा क्रमांक दिला. दोन्ही तक्ते जोडायला मात्र एकच सामायिक की, म्हणजे दोन्हीकडे जुळणारा आकडा, ठेवली, ती व्यवसायाची. मुलाच्या नोंदीत तो काय करतो, मुलीच्या नोंदीत तिला कसा नवरा हवा. नोकरीला एक, दुकानाला दोन, शेतीला सात.

तिचा दादा नागसेन हिवरखेडहून मुद्दाम आला होता. माया शिकावी म्हणून बारावीनंतर त्यानेच शेत सांभाळलं होतं. आता तो चौतिशीचा झाला होता.

"काय वं माया, सापडली काय तुयी वयनी?"

मायाने सात टाकून पाहिलं. ब्याऐंशी मुलींपैकी एकीच्याही नोंदीत सात नव्हता.

"एखादीची नोंद राहिली असन," तो हसत म्हणाला.

"राहिली ना, हिचीच राहिली," मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या दुर्गाबाई मायाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "भर वं पोरी, लाजून काय राहिली?"

दादा चहा सांगायला बाहेर गेला. मायाने आपली नोंद भरली. अपेक्षेच्या रकान्यापाशी जरा वेळ लागला.

दादा परत आला, तिच्या मागे उभा राहिला. "हं, आता पाय पुन्ना."

तिने सात टाकला.



एकूण मुली त्र्याऐंशी. सात असलेल्या शून्य.