भुलीआधीचा प्रश्न

ऑपरेशनसाठी बाबांचा चष्मा काढून घेतला होता, म्हणून भुलीआधीची प्रश्नावली मीच वाचून भरत होतो. "भुलीत रक्तदाब उतरल्यास एक इंजेक्शन देतात. नैराश्याच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या ते जिवावर बेतू शकते. अशा गोळ्या घेता का?"

"ह्यांना कसलं आलंय नैराश्य!" आई हसली. "दिवसभर नाट्यगीतं गुणगुणत असतात."

मी "नाही"वर पेन टेकवले.

"तू खाली चहा पिऊन ये," बाबा तिला म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी माझे मनगट धरले. "होय लिही."

"कधीपासून?" कागदावरचा पुढचा प्रश्न मी कसाबसा वाचला.

"तू पुण्याला गेलास, त्या जूनपासून."

मी "चार वर्षे" लिहिले. त्या चार वर्षांत दर रविवारी फोनवर ते "मजेत" म्हणत, आणि मी सुटल्यासारखा फोन ठेवत असे.