दोन नावांची सून

बाईचं नाव म्हणजे जणू कुणीही हात पुसावेत असं फडकं. ड्रायव्हर सासऱ्यानं लग्नाच्या नोंदणीत सुनेला न विचारता हौसेनं आपलं आडनाव चिकटवलं. पासपोर्टवर तिच्या वडिलांचंच राहिलं, आणि परदेशातल्या नवऱ्याकडे जायचा तिचा व्हिसा अडकला. एजंट म्हणाला, “पासपोर्टच बदला.” “तिनं का बदलायचं? माती मी खाल्ली!” सासरा उसळला. दोन्ही नावांची बाई एकच, असं शपथेवर लिहून द्यायला तो तिला घेऊन वकिलाकडे गेला. वकिलानं विचारलं, “तुमचं हिच्याशी नातं?” “बाप,” म्हातारा ठणकावून म्हणाला. वकिलाचं पेन कागदाला टेकणार तोच सुनेनं ते धरलं. “सासरे लिहा हो! यांच्या लाडापायी आणखी एक घोळ व्हायचा, आणि मी जन्मभर इथंच यांच्या चहात साखर ढवळत बसेन.” म्हातारा खिडकीबाहेर बघत पुटपुटला, “मग बापच लिहू दे की.”