रोजच्यासारखंच

सोमवारी रेडिओ केंद्र बंद पडलं. परवाना संपला म्हणून माणसं आली आणि गच्चीवरचा ट्रान्समीटर उतरवून घेऊन गेली. आता आवाज खोलीच्या दाराबाहेरही जाणार नव्हता. निवेदकाने मात्र ते कानाआड केलं. मंगळवारी तो घसा खाकरून माईकसमोर बसला, निवडून ठेवलेली गाणी लावली, मध्ये खिडकीतून डोकावून हवामानही सांगितलं.

कार्यक्रम संपला आणि फोन वाजला. त्याची मावशी होती. केंद्राला रोज न चुकता फोन करणारी एकुलती एक श्रोती.

"आजची गाणी काय गोड लावलीस रे."

"ऐकलीस तू?"

"म्हणजे काय? कान लावून बसले होते."

"नीट ऐकू आलं?"

"अगदी स्पष्ट. रोज येतं तसंच. आवाज तेवढा बसलाय तुझा, गरम पाणी पी."

त्याने फोन ठेवला. मग माईक जवळ ओढला आणि ठेवणीतल्या आवाजात निवेदन केलं, "ज्या श्रोत्यांना आमचा आवाज आजवर कधीच ऐकू आलेला नाही, त्यांनी कृपया तसं केंद्राला लेखी कळवावं, ही नम्र विनंती."